बंद राहिलेली मागची खोली

नांदुऱ्यात मला कोणी माहेर विचारलं की मी पिंपळगाव राजा सांगून मोकळी होते. आईबाबा आता तिथंच असतात, मळ्यात वांगी-मिरची लावतात, तेव्हा उत्तर खोटं नाही. पण मी त्या गावात वाढले नाही. मी वाढले चंद्रपूरकडच्या एका कोळसा खाणीच्या वसाहतीत, आणि ती वसाहत आता नाही. नाही म्हणजे ओस पडली असं नव्हे. ज्या जमिनीवर ती उभी होती ती जमीनच खणून नेली. माझी लेक मोबाइलवर नकाशा उघडते, दोन बोटांनी तो भाग मोठा करते, आणि तिथं एक लांबट हिरवं पाणी दिसतं. "आई, तुमचं घर कुठं होतं?" असं ती विचारते आणि मी पाण्यावर बोट ठेवते. दर वेळी ते थोडं वेगळ्या जागी पडतं.

हे मला सहन होत नाही. मी जन्माची चौकस. सासूबाई म्हणायच्या, हिला देवानं नाक श्वास घ्यायला कमी आणि खुपसायला जास्त दिलंय. शेजारी नवा कुकर आला तरी जुन्याचं काय झालं हे कळल्याशिवाय मला घास गोड लागत नाही. मग ज्या गावात मी चालायला शिकले त्याचा ठावठिकाणा लागू नये, म्हणजे काय? नांदुऱ्याचा इतिहास सांगणारे चार जण चौकात सहज भेटतील. आमच्या गावाचा सांगायला कोणी नाही. म्हणून गेली काही वर्षं मी भेटेल त्या जुन्या माणसाला धरून विचारत सुटले आहे.

सुरुवातीची गोष्ट प्रत्येक जण सांगतो आणि प्रत्येकाची वेगळी. एक म्हणतो, गुराख्यानं भाकरी भाजायला तीन दगड मांडले आणि लाकडं विझली तरी दगड जळतच राहिले. दुसरा म्हणतो, गुराखी कुठला, विहीर खणणाऱ्यांना काळी माती लागली आणि तिच्यात कोणीतरी बिडी विझवायला गेला. तिसऱ्याच्या गोष्टीत एक सून आहे. तिनं ओढ्यातले काळे दगड चुलीला लावले, ते पेटले, आणि सासूनं तिला चेटकीण ठरवलं. मला ही तिसरी आवडते, खरी असो वा नसो. पुढचं मात्र सगळे सारखंच सांगतात. आधी तिथं एक खेडं होतं. त्याचं नाव खाणीला मिळालं, खाणीचं वसाहतीला, आणि मूळ खेडं उठवून पलीकडे नेलं. पुढं जमिनीखालचं काम बंद करून वरूनच सगळं खणायचं ठरलं, तेव्हा वसाहतही उठली. एकाच नावाची दोन गावं अशी गेली. नाव तेवढं मालगाडीच्या सायडिंगवर उरलंय, असं ऐकते.

बुलढाणा जिल्ह्यातली माणसं इतक्या लांब कशी पोचली, हे शोधायला मला फार खटपट करावी लागली नाही. बाबांच्या गावचा एक जण आधी गेला. दिवाळीला घरी आला तेव्हा त्याच्या पायांत बूट होते. तेवढं पुरे झालं. त्याच्यामागून त्याचा मेहुणा गेला, मेहुण्यामागून मोताळ्याकडचे दोघे, आणि मग आमचे बाबा. बाबा तीन भावांतले मधले. बैल थोरल्याच्या हातात, लाड धाकट्याचे. मधल्यानं करायचं काय? नांदुऱ्याच्या स्टेशनावरून ते गाडीत बसले, तेव्हा कोळसा म्हणजे इंजिनात टाकतात ती वस्तू, एवढंच त्यांना माहीत होतं.

वसाहत म्हणजे एकाला एक लागून क्वार्टरच्या लायनी. एका टोकाला खाणीचं तोंड, त्याला सगळे मुहाना म्हणायचे. तिथून उतरता रस्ता जमिनीत शिरायचा. मुहान्याशी देवीचं छोटं देऊळ, शेजारी बत्तीघर, जिथं माणसं डोक्यावरचे दिवे घ्यायची. मुहान्यापलीकडे मोठं मोकळं मैदान, आणि मैदानापलीकडे पंखाघर. तो पंखा खाणीतली हवा ओढून बाहेर टाकायचा आणि अखंड घुमायचा. आम्हा पोरांना तो ऐकूच यायचा नाही. बंद पडला की मात्र सगळ्या बाया दारात यायच्या. घड्याळाचं काम भोंगा करायचा. सकाळ-संध्याकाळ दारोदार कोळशाच्या शेगड्या पेटायच्या, धूर ओसरला की आत जायच्या. उजवीकडे तेलुगू घर, डावीकडे मोताळ्याच्या काकू, समोर गोरखपूरचे, पाठीमागे छत्तीसगडचे. आई चार भाषांत भांडायला शिकली होती आणि त्याचा तिला आजही अभिमान आहे.

सगळ्यांत विचित्र होती ती तिथली एक रीत. घरात 'छत' हा शब्द उच्चारायचा नाही. पावसाळ्यात गळायला लागलं की आई म्हणायची, "वरून पाणी येऊन राह्यलं." तेलुगू मावशीही तिच्या भाषेत असंच काहीतरी वळसा घालून बोलायच्या. नवरा खाली जातो, तिथं त्याच्या डोक्यावर काय असतं ते त्याला माहीत. आपण घरात बसून त्याचं नाव कशाला घ्या? पुरुषांचाही नियम होता, खाणीतलं खाणीत. अंघोळ करून चहाला बसलेला माणूस खाली काय झालं ते सांगायचा नाही आणि बायको विचारायची नाही. लग्न होऊन मी नांदुऱ्याला आले आणि जाऊबाई सहज म्हणाल्या, छत झाडून घे, तर माझ्या अंगावर काटा आला. पुढं सवय झाली, पण अजूनही तो शब्द माझ्या तोंडून पटकन निघत नाही.

बाबा खाणीत ड्रेसर होते. शाळेत एकदा बाईंनी वडिलांचं काम विचारलं, मी हे सांगितलं, आणि बाईंना वाटलं दवाखान्यात पट्ट्या बांधतात. खाणीतला ड्रेसर वेगळा. सुरुंगानं कोळसा पाडला की सगळ्यांच्या आधी तो पुढं जातो, लांब सब्बलीनं, म्हणजे पहारीनं, डोक्यावरचा दगड ठोकतो आणि ऐकतो. घट्ट दगड ठणठण वाजतो, सुटलेला भदभद बोलतो. सुटलेला पाडून टाकायचा, मगच बाकीच्यांनी पुढं यायचं. ही सवय बाबांच्या हाडांत गेली आहे. ते कलिंगड ठोकतात, पाण्याची टाकी ठोकतात, एस.टी.त बसले की शेजारचा पत्रा ठोकतात. माझं सासर बघायला आले तेव्हा बोलता बोलता त्यांनी भिंतीवर दोन टिचक्या मारल्या, मान हलवली, आणि मग सोयरिकीला होकार दिला. माझे सासरे कितीतरी वर्षं ही गोष्ट पाहुण्यांना सांगून हसायचे.

आता मागच्या खोलीबद्दल सांगते. आमच्या क्वार्टरला दोन खोल्या होत्या, पुढं पडवी, मागं न्हाणी. मी शाळेत जायला लागण्याच्या सुमारास एक दिवस बाबा कामावरून आले ते न धुतल्या हातापायांनीच मागच्या खोलीत गेले. सब्बल घेऊन त्यांनी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत जमीन ठोकली. आई पोळ्या करायची थांबली. बाहेर येऊन ते एवढंच म्हणाले, "या खोलीत कोनी झोपायचं नाही. बसायचंबी नाही." झालं. त्या दिवसापासून त्या खोलीत ज्वारीचं पोतं, तुरीचा डबा आणि गोधड्या राहायला गेल्या, आणि आम्ही सगळे पुढच्या खोलीत आडवेतिडवे झोपायला लागलो. बाबांची आणखी एक कटकट तेव्हाच सुरू झाली. शाळेतून आलं की आम्हाला घरात टेकू द्यायचे नाहीत. "घरात काय बसून राह्यले बे? जा मैदानावर!" आम्हाला काय, तेच हवं होतं.

त्याच हिवाळ्यात माझ्या धाकट्या भावाचा जन्म झाला आणि बाळंतपणाला आईची आई आली. पिंपळगावाजवळच्या तिच्या खेड्यातून ती आयुष्यात पहिल्यांदा रेल्वेनं इतक्या लांब आली होती. पुढच्या खोलीत बाळंतीण, बाळ, मी. आजीला आईनं मागच्या खोलीत अंथरूण घातलं. बाबांनी ते उचललं. आई म्हणाली, जमीन सारवून घेतली आहे, पोतं सरकवलं आहे. बाबा म्हणाले, नाही म्हणजे नाही. शेवटी पडवीला गोणपाटं बांधून आजीला तिथं झोपवलं. तिकडची थंडी वाईट. आजी खोकत राहिली, आणि बाळाचं बारसं आटोपताच ठरल्यापेक्षा लवकर गावी निघून गेली. गावात जाऊन ती कोणाला तरी म्हणाली, "जावयाच्या घरी खोली हाय, पन माह्यासाठी नाही." हे बोलणं फिरून आईपर्यंत पोचलं. आजी पुन्हा कधी आमच्याकडे आली नाही. काही वर्षांनी ती गेली.

आई हे विसरली नाही. ती भांडखोर आहे, पण याबद्दल ती भांडायची नाही, आणि म्हणूनच मला ते जास्त टोचायचं. कुठं पाहुण्यांच्या झोपण्याची सोय निघाली की ती पातेलं घासता घासता स्वतःशी म्हणायची, "खोली होती." बस, एवढंच. एकदा तिनं बाबांना विचारलं होतं. बाबा म्हणाले, "झालं गेलं." मी विचारलं की ते उठून मळ्यात जायचे. कोणी म्हणायचं, बाबांना त्या खोलीत काही दिसलं असेल. आईची खात्री होती की त्यांना सासू डोईजड झाली. आपल्या आईचा अपमान का झाला, हे स्वतः मरायच्या आधी तिला कळायला हवं होतं, आणि ज्याला ते ठाऊक होतं तो माणूस रोज तिच्यासमोर बसून बशीतून चहा पीत होता.

यंदाच्या हिवाळ्यात शेगावला आम्ही वसाहतीतले लोक जमलो. वर्षातून एकदा जमतो. कुठं जमायचं यावर वाद होत नाही, कारण दर्शनाला सगळे येतातच. एका लॉजच्या खालच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकून आम्ही बसतो, कचोऱ्या मागवतो, कोण गेलं ते एकमेकांना सांगतो. या वेळी मी घरूनच ठरवून आले होते. पिशवीत पांढरी रांगोळी, तांबडे खडू, सुपाऱ्या आणि फुटाणे. म्हटलं, आज आपण आपलं गाव फरशीवर काढायचं. मोबाइलवर पाणी बघून बघून मी कंटाळले आहे.

लॉजचा माणूस कुरकुरला, पण पुसून देऊ म्हटल्यावर गप्प बसला. बाया कामाला लागल्या. मला वाटलं होतं त्या देवळापासून सुरुवात करतील. त्यांनी केली पाण्याच्या नळापासून. नळावरून रांग कुठपर्यंत यायची, त्यावरून लायनी बसल्या. मोताळ्याच्या काकू, म्हणजे आमची डावीकडची शेजारीण, तिनं कपड्यांच्या दोऱ्या कुठं बांधायची ते सांगितलं. कपड्यांवर कोळशाची धूळ कुठून यायची हे तिला पक्कं आठवत होतं, त्यावरून पंखाघर बसलं. दर घरात एक सुपारी. पोरांसाठी फुटाणे. आणि गंमत म्हणजे, एकाही बाईनं आपला फुटाणा घरात ठेवला नाही. सगळ्यांनी पोरं मैदानावर टाकली. "संध्याकाळची येळ हाय," काकू म्हणाली, "पोट्टे घरात कायले असतीन?" मैदानाच्या मधोमध एक खोलगट जागा होती, तिथं पावसाचं पाणी साचायचं आणि आम्ही त्यात कागदी होड्या सोडायचो. मी रांगोळीनं तीही काढली. दर वर्षी ती थोडी मोठी व्हायची, हेही मला काढता काढता आठवलं.

पुरुष इतका वेळ उभे राहून सूचना देत होते. मग त्यांच्यातलं कोणीतरी म्हणालं, "हे झालं वरचं गाव. आमचं गाव तं खाली होतं." मी तांबडा खडू पुढं केला. एक जण गुडघ्यावर बसला, मुहान्यापासून उतरता रस्ता ओढायला लागला. दुसऱ्यानं त्याला फाटे फोडले. कोळसा खणताना मधे मधे जाड खांब सोडतात, वरचा भार पेलायला. शेवटी ते खांबही काढून घेत घेत मागं यायचं आणि ती जागा बसू द्यायची, असं काम असतं. कुठले खांब कधी काढले यावर बरीच तूतू-मैंमैं झाली. मी आनंदानं वेडी व्हायच्या बेतात होते. एकाच फरशीवर पांढरं गाव आणि तांबडं गाव, एकावर एक.

मग बाबांनी खडू मागितला. त्यांचे गुडघे दुखतात, तरी ते खाली बसले. मुहान्यातून आत शिरताना वसाहत पाठीमागं राहायची. खाली गेल्यावर रस्ता वळायचा, आणि आणखी पुढं गेल्यावर पुन्हा वळायचा. बाबांनी दोन्ही वळणं उजवीकडे काढली, म्हणजे रस्ता फिरून पुन्हा वसाहतीकडेच आला. आमच्या लायनीखाली येऊन ते थांबले आणि तांबड्या रेघांनी एक चौकोन भरून काढला. "इथचे पिलर आमी काढले," ते म्हणाले.

आई सुपारीकडे बघत होती. "इथचे? हे तं आपलं घर हाय."

"हाव. मागच्या खोलीखाली."

आईनं विचारलं, "म्हून ते खोली बंद होती?"

"मंग कायले? मी सब्बल मारून पाह्यली. भदभद वाजे. पुढची खोली अन् पडवी घट्ट होती. तिकडचे पिलर शाबूत होते, माह्या हिशेबानं."

"माह्या मायले पडवीत काऊन झोपवलं ते आज सांगता तुमी मले?"

"थंडीनं मानूस खोकलते," बाबा म्हणाले, "जमीन बसली तं सापडत नाही."

"तवा सांगतलं काऊन नाही?" आईचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

बाबांनी खडू खाली ठेवला. "सांगतलं असतं तं तू झोपली असती त्या घरात? अन् नसती झोपली, तं तुमाले घेऊन कुठं गेलो असतो मी? क्वार्टर तेवढंच होतं. खाली गेलो की मले वरची काळजी, वर आलो की खालची. दोघांनी जागून काय करायचं होतं? म्हटलं, एकानं जागलेलं बरं."

मला रडू आलं. लपवलं नाही. इतकी वर्षं मी भूत, कंजूषपणा, सासूचा राग, काय काय तर्क केले होते, आणि इथं हा माणूस एका पोकळीवर संसार मांडून गप्प बसला होता. आई मात्र रडली नाही. ती त्या तांबड्या चौकोनाकडे बघत राहिली.

तेवढ्यात पंख्यावर काम केलेले एक काका पुढं सरकले. ते मघापासून बाबांच्या रस्त्याकडे कपाळाला आठ्या घालून बघत होते. "भाऊ, तुमचं काहीतरी चुकून राह्यलं," ते म्हणाले. "दुसऱ्या वळनानंतर, कामाच्या जागी जाताना, हवा कोन्या अंगाले लागे?"

बाबांनी डोळे मिटले. "पाठीले. घाम आला की पाठ गार पडे."

"पक्कं?"

"पक्कं. येताना तोंडावर लागे, धूळ डोयात जाये."

"हवा जायची पंख्याकडे," काका म्हणाले. "पाठीवर हवा, म्हंजे तोंड पंख्याकडे. आता पंखाघर कुठं हाय ते पाहा." त्यांनी मैदानापलीकडच्या रांगोळीवर बोट ठेवलं, तिथं काकूनं तिच्या कपड्यांवरच्या धुळीवरून ते बसवलं होतं. "दुसरं वळन उजवं नव्हतंच भाऊ. डावं होतं. अंधारात मानसाले समजत नाही. मलेबी पह्यलं वर्षभर समजलं नाही."

बाबा म्हणाले, "पन जमीन भदभद वाजे! मी सोता ठोकली!"

यावर मोताळ्याच्या काकूनं कपाळावर हात मारला. "अवो, घुशी होत्या तिथं! वसाहत पाडली तवा आमी शेवटपर्यंत होतो. तुमच्या मागच्या खोलीची जमीन उकरली, तं खाली घुशीचं गावच निघालं बाप्पा. तुमची ज्वारी खाऊन अशा माजल्या होत्या. माहा हरवलेला चमचा त्यात सापडला!"

आधी कोणीतरी खुसकन हसलं आणि मग सगळा हॉल हसायला लागला. ड्रेसरनं घुशीचं बीळ ठोकलं आणि खाण समजला, याच्यावरून बाबांची जी खिल्ली उडवली ती काय सांगू. आईसुद्धा हसली. डोळे पुसत म्हणाली, "डोंगर पोखरून उंदीर ऐकला होता. यायनं घूस काढली." मी हसता हसता बाबांकडे पाहिलं, ते काहीतरी परतफेड करतील म्हणून. बाबा हसत नव्हते.

ते मैदानाकडे बघत होते. काकांनी खडूनं डावं वळण काढून रस्ता पुढं नेला होता, आणि तो रस्ता नेमका मैदानाखाली आला होता. मी पाण्यासाठी काढलेली खोलगट जागा त्या तांबड्या रेघेवर बसली होती. दर वर्षी मोठी होणारी जागा. तिच्याभोवती सगळ्या बायांनी टाकलेले फुटाणे होते, त्यांत एक मी आणि एक माझा धाकटा भाऊ.

"मी रोज हाकलत होतो तुमाले तिथं," बाबा म्हणाले. कोणाला उद्देशून ते कळलं नाही. "घरात नका बसू म्हने मी."

"काही झालं नाही ना बाबा," मी म्हटलं. "आम्ही आहोत की सगळे."

त्यांनी ऐकलं नसावं. ते हातांवर भार देऊन पुढं सरकले, रांगोळी पुसली जाणार नाही अशा बेतानं, आणि मैदानावरचे फुटाणे उचलायला लागले. आमचेच नाही, सगळ्यांचे. तेलुगू मावशीच्या मुलींचे, गोरखपूरच्या पोरांचे, काकूच्या दोघांचे. एकेक उचलून डाव्या मुठीत घेत गेले. मैदान रिकामं झालं तेव्हा त्यांनी मूठ छातीशी धरली आणि तसेच बसून राहिले. माझ्या बाबांना मी असं कधी पाहिलं नव्हतं.

आई उठली. मला वाटलं ती त्यांना पाणी द्यायला उठली. तिनं माझ्या पिशवीतून एक सुपारी काढली, बाबांच्या शेजारी खाली बसली आणि आमच्या घराची पांढरी रेघ बोटानं चाचपली. पडवी, पुढची खोली, मग मागची. मागच्या खोलीत तिनं ती सुपारी ठेवली, मधोमध, आणि बाबांकडे बघून म्हणाली, "ठोका आता."

बाबांनी उजव्या हाताच्या बोटानं फरशीवर दोनदा टकटक केलं. ऐकलं. "घट्ट हाय," ते म्हणाले.

एवढ्यात लॉजचा माणूस बादली आणि ओलं फडकं घेऊन आला. दुसरी मंडळी यायची होती, त्याला हॉल मोकळा हवा होता. बाकीच्या बाया उठून सतरंज्या गुंडाळायला लागल्या, कचोऱ्यांचे कागद गोळा झाले. तो आमच्या लायनीपर्यंत पोचला आणि फडकं टेकवणार, तर आईनं हात आडवा धरला.

"थांब बाप्पा जराकसा," ती म्हणाली. "आताच तं डोळा लागला मायचा."